घरचे बेणे

धान्याचे बी राखायला फारसे मनोधैर्य लागत नाही. उभ्या पिकातली टपोरी कणसे निवडावीत, वाळवून आढ्याला टांगावीत, किंवा दाणे राखेत घोळून मडक्यात भरावेत आणि मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून टाकावे, की काम झाले. दाणा कोरडा असतो, निमूट असतो. पुढल्या मृगापर्यंत तो कुणाला हाक मारीत नाही आणि कुणाला त्याची आठवणही होत नाही.

बटाट्याची गोष्ट अगदी निराळी. तो ओला असतो, जिवंत असतो, श्वास घेत असतो. घरात त्याचा ढीग पडला, म्हणजे एखादे मोठे मुके जनावर वस्तीला आल्यासारखे वाटते. उन्हाने तो सुरकुततो, ओलीने कुजतो, कोंडून ठेवला तर आतून काळा पडतो, उजेडात ठेवला तर हिरवा होतो. आणि हे सारे सांभाळले, तर स्वतःच्या लहरीने भलत्याच वेळी कोंब काढून बसतो. या सगळ्यावर कडी म्हणजे तो कोणत्याही क्षणी खाता येतो. त्याला दळावे लागत नाही, कांडावे लागत नाही. फुफाट्यात खुपसून ठेवला आणि थोडा वेळ दम धरला की पोटाची सोय झाली. म्हणून मला नेहमी वाटत आले आहे की, एखाद्या घराच्या संयमाची परीक्षा पाहायची असेल, तर त्या घरात शिमग्यापासून आषाढापर्यंत सहा पोती बेण्याचा बटाटा ठेवावा.

‘बेणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मराठीने येथे मोठा नेमका भेद केला आहे. बी पेरतात, बेणे लावतात. ज्वारी-बाजरीचे बी, ऊस, हळद, आले, सुरण आणि बटाटा यांचे बेणे. बी म्हणजे नवा जन्म. बेणे म्हणजे जुन्याच देहाचा राखून ठेवलेला तुकडा. बटाट्यालाही खरे बी असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फुले गळल्यावर कधी कधी त्याच्या झाडाला कोवळ्या टोमॅटोसारखी हिरवी फळे धरतात. ती खायची नसतात, विषारी असतात. त्यांतले बी पेरले, तर एका आईची दहा लेकरे दहा तऱ्हांची व्हावीत, तशी रोपे निपजतात. शेतकऱ्याला हा खेळ परवडत नाही. म्हणून तो बटाटाच लावतो. बटाटा हे मूळ नव्हे. ते जमिनीखाली दडलेले, फुगलेले खोड आहे, आणि त्याचे ‘डोळे’ म्हणजे त्या खोडावरचे अंकुर. तेव्हा यंदा लावलेला बटाटा हा गेल्या सालच्या झाडाचा मुलगा नसतो. ते झाडच पुन्हा उभे राहिलेले असते. पुढे माझ्या आजोळी जे घडले, ते समजायला एवढी गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

तसा हा पाहुणा आपल्याकडे जुना नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उंच खांद्यांवर त्याचे मूळ घर. पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर तो आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागला आणि येताना त्यांच्या भाषेतले नावही घेऊन आला. उत्तरेकडच्या लोकांनी त्याला आपले ‘आलू’ हे नाव दिले. आपण मात्र त्याला त्याच्या बंदरातल्या नावानेच घरात घेतले. आणि घरात घेतले ते थेट देवघरापर्यंत! कांदा इथे हजारो वर्षे राहिला, पण एकादशीला त्याला उंबऱ्याबाहेर थांबावे लागते. हा परदेशी गडी मात्र साबुदाण्याला बरोबर घेऊन उपासाच्या ताटात जाऊन बसला. आपल्या सोवळ्याओवळ्यालाही चवीची चाड असते, एवढाच याचा अर्थ.

माझे आजोळ खेड तालुक्यातले, भीमेच्या खोऱ्यातले. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचा हा भाग, खेड, आंबेगाव, जुन्नर, बटाट्यासाठी फार दिवसांपासून नावाजलेला. ‘तळेगाव बटाटा’ हे नाव पुण्या-मुंबईच्या बाजारात मालाच्या पाटीवर अजूनही दिसते. या भागात बटाट्याची दोन पिके निघतात. एक पावसाळी : ज्येष्ठ-आषाढात लावायचे आणि दिवाळीच्या आगेमागे काढायचे. दुसरे हिवाळी : दिवाळीच्या सुमारास विहिरीच्या पाण्यावर लावायचे आणि माघ-फाल्गुनात काढायचे. पावसाळी पिकाचे बेणे हिवाळी पिकातून राखावे लागते. म्हणजे ऐन उन्हाळ्याचे चार महिने, भीमेच्या काठची झाडेसुद्धा जिथे धापा टाकतात, तिथे हा ओला जीव सांभाळायचा. एका एकराला सहा ते आठ क्विंटल बेणे लागते, आणि पीक चांगले आले तर बेण्याच्या दहापट येते. दहांतला एक भाग राखायचा आणि नऊ भागांवर जगायचे, असा तो सरळ हिशेब. पण हिशेब कागदावर सरळ असतात. कागद शिजवून खाता येत नाही, म्हणून.

आजोळचे बेणे आजीच्या ताब्यात असे. आजोबा, म्हणजे आमचे आप्पा, नांगराचे आणि बाजाराचे धनी; बेण्याची धनीण आजी. तिचे काम काढणीच्या आधीच सुरू होई. पीक फुलावर आले की ती ज्वारीच्या ताटांची मोळी काखेत घेऊन सरी-सरीने हिंडायची. जे झाड ठेंगणे-ठुसके, हिरवेगार, ज्याची पाने ताठ आणि सपाट, त्याच्या बुडाशी एक ताट रोवायची. पानांच्या कडा वळलेल्या असल्या, पानावर पिवळे ठिपके असले, झाड आकसलेले असले, की त्याकडे पाठ फिरवायची. काढणीच्या वेळी ताटांखालची झाडे आधी आणि वेगळी खणली जात. पुष्कळ लोक सगळे पीक काढून मोठा माल बाजारात धाडीत आणि उरलेला बारीक माल बेण्याला ठेवीत. आजीला हे मान्य नव्हते. “मरतुकड्या झाडाचा बटाटा बारीकच असतो रं,” ती म्हणायची, “त्योच बेण्याला ठिवला, म्हंजी मरतुकडंच राखल्यावानी न्हाई का?” एवढे शेतकीशास्त्र तिला कुणी शिकवले नव्हते.

काढणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडून वेल कापून टाकीत, म्हणजे जमिनीतल्या जमिनीत बटाट्याची साल पक्की होते. नुकत्या काढलेल्या कोवळ्या बटाट्यावर अंगठा फिरवला तर साल सरकते. असा बटाटा टिकत नाही. मग दहा-पंधरा दिवस तो सावलीत पसरून ठेवायचा. कुदळीचा घाव लागलेले, चिरलेले, हिरवे पडलेले बाजूला काढायचे. जे उरे, साधारण कोंबडीच्या अंड्याएवढे, ते ‘अरणी’ला जाई.

अरण म्हणजे बटाट्याची झोपायची जागा. आजोळच्या वाड्यामागे एक जुना आंबा होता. त्याच्या दाट सावलीत जमीन थोडी उकरून, पाणी शिंपून थंड करून, वर वाळक्या गवताचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा बिछाना करीत. त्यावर बटाटे हलक्या हाताने रचायचे. ओतायचे नाहीत, रचायचे. वर पुन्हा पाला, पुन्हा गवताचे जाड पांघरूण. उन्हे चढली की आजी भोवतालच्या जमिनीवर पाण्याचा सडा घाली. पण बटाट्यावर थेंब पडू देत नसे.

कडुनिंबाचा पाला असे तो पाकोळीसाठी. या पाकोळीचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. ती मूळची इथली नव्हे. १९०६ साली इटलीहून आलेल्या बेण्याच्या बटाट्यांतून ती मुंबई इलाख्यात उतरली, असे शेतकीच्या ग्रंथांत नमूद आहे. करडी, नखाएवढी, दिसायला अगदी गरीब. ती बटाट्याच्या डोळ्यापाशी अंडी घालते, अळी आत शिरून बोगदे पोखरते आणि दाराशी काळ्या विष्ठेचे कण टाकते. एक बटाटा लागला की महिन्याभरात शेजारी लागतात. बेण्याबरोबर रोगराईही प्रवास करते, हे त्या पाकोळीने आपल्याला शंभर वर्षांपूर्वी शिकवले होते.

रोज सकाळी अंगण झाडून झाले की आजी अरणीभोवती एक फेरी घाली, आणि ती फेरी डोळ्यांनी नव्हे तर नाकाने घाली. कुजक्या बटाट्याचा वास ज्याने घेतला आहे त्याला तो वर्णन करून सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला दिवाळीच्या दिवसांत सांगू नये. तो वास आला की गवत उलगडायचे, हात घालून नेमका तो बटाटा शोधायचा आणि त्याच्याबरोबर त्याला चिकटलेले चार-पाचही काढून टाकायचे. दर पंधरा दिवसांनी सगळी अरण उपसून निवड होई. या निवडीतून जे चिरके, डागी, पण खाण्याजोगे निघे, तेवढेच स्वयंपाकघरात जाई. उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेलेल्या आम्हां मुलांना जे बटाटे खायला मिळाले, ते सगळे असे नापास झालेले विद्यार्थी होते.

आषाढी एकादशीला तर मोठा पेच पडे. घरात सगळ्यांना उपास, बाजारात बटाटा महाग, आणि वाड्यामागे अरण भरलेली. शिवाय नेमके त्याच दिवसांत ती लावणीसाठी उघडलेली. बटाट्यांना तोवर आखूड, जाड, जांभळट कोंब आलेले असत. मामी एखादा बटाटा हातात घेऊन आजीकडे नुसते पाही. आजी म्हणे, “भगर हाय की.” विषय तिथेच संपे. बेणे निजलेले असताना ते खाणे म्हणजे चोरी, आणि कोंब आल्यावर खाणे म्हणजे हत्या, असा तिचा कायदा होता.

आता १९७२ सालाकडे येतो. मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो. आधीची एक-दोन वर्षे पावसाने कशीबशी रेटली होती. त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आषाढी झाली तरी शेतात ढेकूळ फुटले नाही. विहिरीच्या तळाशी घागर बुडत नव्हती, वाटीने भरावी लागे. रेशनवर लाल मिलो आला. त्याच्या भाकरीचा तांबूस रंग आणि घशात अडकणारी चव आमच्या पिढीला मरेपर्यंत आठवेल. गावाबाहेर खडी फोडण्याचे काम निघाले आणि ज्यांच्या दारात बैल बांधलेले होते अशी माणसेही हातोडी घेऊन रांगेत बसली. मुलांना सुकडी मिळे. आणि वाड्यामागे आंब्याखाली सहा पोती बटाटा, कोंब लांबत चाललेला, पावसाची वाट पाहत पडलेला होता.

मामांनी विषय काढला तो रात्री, जेवणे झाल्यावर. जेवणे झाल्यावर म्हणायचे. उठताना सगळ्यांच्या पोटात जागा होती. ते म्हणाले, “आई, पाऊस आता येत न्हाई. बेणं सुकून जाईल. इकलं तर चार पैसं येतील, शिजवलं तर पोरांच्या पोटाला व्हईल. ठिवून काय करायचं?” आप्पा बोलले नाहीत. त्यांचे म्हणणेही तेच होते, हे त्यांच्या न बोलण्यावरून सर्वांना कळले.

मामांचे काही चुकत नव्हते. लावायला ओल नाही आणि ठेवायला दिवस उरले नाहीत, अशा बेण्याला बेणे म्हणावे तरी का? आजीने लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळी अरण उपसली आणि एकटीने निवड सुरू केली. दुपारपर्यंत तिच्यापुढे दोन भाग झाले होते. एका बाजूला मोठा ढीग. दुसऱ्या बाजूला दोन टोपल्या. त्या टोपल्यांत सगळ्या अरणीतले सर्वांत निरोगी, सर्वांत घट्ट, दोन-तीन ठसठशीत कोंबांचे बटाटे होते. ढिगाकडे हात करून ती म्हणाली, “ह्ये घरातलं. कोंब खुडून, हिरवं कापून टाकून शिजवा. शेजारच्या दोन घरांत बी द्या.” मग टोपल्यांना पदराने झाकीत म्हणाली, “ह्ये माझं न्हाई, तुमचं बी न्हाई. ह्याला कुनी हात लावायचा न्हाई.”

बेणे खायचे की राखायचे, असा प्रश्न मामांनी विचारला होता. आजीने तो बदलून किती खायचे आणि किती राखायचे, असा केला. मला वाटते, बेणे राखणाऱ्या माणसाचे सगळे शहाणपण या ‘किती’त असते.

त्या दोन टोपल्या तिने विहिरीजवळच्या एका वाफ्यात लावल्या. तळाशी रात्रभरात जे पाणी पाझरे, ते पहाटे उपसून ती आणि मामी एकेका झाडाला तांब्याने घालीत. दिवाळीत त्या वाफ्यातून आठ टोपल्या निघाल्या. त्यांतल्या तीन घरात आल्या. लक्ष्मीपूजनाला पाटावर मूठभर मिलो आणि सुपात ते बटाटे होते. उरलेल्या पाच टोपल्या पुन्हा राखल्या गेल्या. काढल्या काढल्या बटाटा लावता येत नाही, तो दोन-अडीच महिने झोपतो आणि त्या झोपेतून सहजी उठत नाही. म्हणून पौषात त्या पुन्हा त्याच वाफ्याशेजारी लागल्या. असे त्या बेण्याने दुष्काळाच्या पोटात दोन फेरे केले. १९७३ च्या पावसाळ्यात आभाळ मोकळेपणाने बरसले, तेव्हा गावातल्या पुष्कळांना बेणे विकत घ्यायला पैसा नव्हता आणि आजोळच्या अरणीत मात्र घरचे बेणे होते.

पुढे वाचनाच्या नादात आयर्लंडची हकीकत माझ्या हाती आली, तेव्हा मला आजीच्या त्या दोन टोपल्यांचे मोल कळले. १८४५ साली तिथे बटाट्यावर करपा पडला. १८४६ साली तर जवळजवळ सगळे पीक काळे पडून सडले. लक्षावधी माणसांचे बटाटा हेच एकमेव अन्न होते. १८४७ साली करपा फारसा पडला नाही. जे लावले गेले ते चांगले आले. पण लावलेच थोडे गेले होते. कारण आदल्या हिवाळ्यात भुकेल्या माणसांनी बेणे खाऊन टाकले होते. रोग हटला आणि तरीही ते वर्ष त्या देशाच्या आठवणीत सर्वांत काळे ठरले. त्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यांना कोण दोष देईल? उपाशी मुलापुढे बटाटा धरून ‘हा पुढच्या वर्षाचा’ असे म्हणणे कुणाला जमेल?

ज्यांना जमले, अशांचीही एक हकीकत आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. निकोलाय वाव्हिलोव्ह या शास्त्रज्ञाने जगभर हिंडून जमवलेली बियाणी त्या शहरातल्या संस्थेत होती. तो स्वतः त्या वेळी स्टालिनच्या तुरुंगात होता आणि जानेवारी १९४३ मध्ये तिथेच मेला. जवळच्या पाव्लोव्स्क येथे बटाट्याच्या जाती राखलेल्या होत्या. तोफा चालू असताना ते बटाटे खणून शहरात आणले गेले. धान्याचे दाणे उघड्यावरही टिकतात. बटाटा गोठला की संपला. ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया आणि वादिम लेख्नोविच यांनी ते तळघरात ठेवून, मिळेल ते लाकूड जाळून, त्या भयंकर हिवाळ्यात जगवले. संस्थेतले सहकारी भुकेने मरत होते आणि तळघरात बटाटे होते. ते कुणी खाल्ले नाहीत. १९४२ च्या वसंतात ते पुन्हा जमिनीत गेले. ही हकीकत वाचताना ते तळघर माझ्या डोळ्यांपुढे येते, आणि त्याच्या दाराशी एखादी नऊवारी नेसलेली बाई बसली असती तर तिथल्या कुणाला ती परकी वाटली नसती, असे उगाच मनात येते.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तर ती फार सोयीची झाली असती. पण राखणे म्हणजे निव्वळ धरून ठेवणे नव्हे, हे आजीला अजून एकदा ठरवावे लागले.

दुष्काळानंतर तीन-चार वर्षांनी आजोळच्या बटाट्याचे पीक हळूहळू खाली येऊ लागले. ज्वारीची ताटे रोवायला चांगली झाडे शोधावी लागू लागली. पाने कडांनी वर वळून द्रोणासारखी होत, झाड खुरटे राही. खत वाढवले, पाणी वाढवले, फरक पडेना. कारण बेण्यातच होते. मावा नावाची बारीक कीड एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसते आणि विषाणू पसरवते. बहुतेक विषाणू खऱ्या बियांत उतरत नाहीत. बाळ जन्मते ते निरोगी. पण बेणे म्हणजे जुनाच देह. त्यात जुनी व्याधी राहतेच आणि दर सालाला थोडी वाढते. दुष्काळातून वाचवलेले ते बेणे आपल्या पोटात आपला आजारही वाचवून आले होते.

सिमल्याच्या बटाटा संशोधन केंद्राने त्याच्या आसपासच्या काळात ‘कुफ्री’ नावाच्या जाती काढल्या होत्या. कुफ्री हे सिमल्याजवळचे गाव. ‘कुफ्री ज्योती’ १९६८ ची. आपल्या पठारी मुलखासाठी १९७२ साली निघालेल्या जातीचे नावच ‘कुफ्री लवकर’! पूर्वी निरोगी बेणे थंड डोंगरांतच होई. या केंद्राने दाखवून दिले की पंजाबच्या मैदानातही हिवाळ्याच्या आरंभी मावा जवळजवळ नसतो. तेवढ्या काळात पीक वाढवायचे आणि १०० पानांवर २० मावा दिसण्याच्या आत वेल कापून टाकायचे, म्हणजे बेणे निर्मळ राहते. मामांनी तालुक्याहून ‘ज्योती’ची दोन पोती आणली.

आजीने ती पोती ओसरीवरच ठेवायला लावली, आत येऊ दिली नाहीत. “दुस्काळात राखलं त्ये बेणं टाकायचं, आन् परमुलखातलं घरात घ्यायचं?” मामा म्हणाले, “टाकू नगस. शेजारी-शेजारी लावू. तूच बघ.” आजीने हे मानले. चार सऱ्या घरच्या, चार सऱ्या नव्या. खत तेच, पाणी तेच, खुरपणारे हातही तिचेच. आणि त्या हातांनी दोन्हीकडे डावे-उजवे केले नाही, हे मी पाहिले आहे. काढणीच्या दिवशी तिने टोपल्या स्वतः मोजल्या. घरच्या सऱ्यांतून अकरा निघाल्या. नव्यांतून वीस.

ती बराच वेळ बांधावर बसून होती. मग मामांना म्हणाली, “एका गोतात सोयरीक करत न्हाईत. बेणं तेवढं एकाच घरात किती दिस नांदंल?” शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर नव्हे, दोष गोत्राचा नव्हता, विषाणूचा होता. पण तिने काढलेला निष्कर्ष शास्त्राचाच होता. त्या वर्षापासून आजोळी नवे बेणे आणायचे, आजीच्या रीतीने निवडून दोन-तीन साले राखायचे आणि मग पुन्हा नवे आणायचे, असा नियम झाला. ताटे रोवणे थांबले नाही, अरण थांबली नाही, सकाळची फेरी थांबली नाही. बेणे बदलले, राखणे राहिले.

त्या अकरा टोपल्यांतून त्या वर्षी काहीच अरणीला गेले नाही. मोठा माल बाजारात गेला आणि बेण्याजोगा, अंड्याएवढा बटाटा आजीने स्वतः मामीच्या हाती दिला. रात्री त्याचा रस्सा झाला. आजोळच्या घरात, माझ्या माहितीत, बेण्याचा निरोगी बटाटा प्रथमच ताटात आला होता. सगळे गप्प जेवत होतो. आजीने भाकरीचा तुकडा मोडून रश्शात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाली, “चव चांगली हाय. इतकी वर्सं ठावंच नव्हती.”

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तो आंबाही नाही. मंचरच्या बाजारात पंजाबातून, जालंधरकडून बेण्याचे ट्रक येतात. माझा मामेभाऊ पोत्यावरची निळी चिठ्ठी वाचून प्रमाणित बेणे घेतो, आणि कधी घरचे राखायचे झाले तर ते शीतगृहात दोन ते चार अंशांच्या थंडीत ठेवतो. तिथे ना पाकोळी, ना कोंब. भाडे भरले की काम झाले. याबद्दल हळहळण्याचे मला काही कारण दिसत नाही. नाकाने फेरी घालण्याच्या कष्टांतून बायका सुटल्या, हे चांगलेच झाले. पण शीतगृहाची पावती खिशात असली, तरी दहांतला एक भाग बाजूला काढण्याचा निर्णय अजून माणसालाच करावा लागतो, आणि जुने बेणे थकले हे ओळखण्याचाही.

हा अंक आपल्या हाती पडेल, तेव्हा भीमेच्या खोऱ्यात पावसाळी बटाट्याची काढणी उरकत आली असेल आणि हिवाळी लावणीसाठी सऱ्या पडत असतील. बायका विळ्या घेऊन बसल्या असतील. मोठे बटाटे, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे येतील असे कापीत असतील आणि फोडींच्या ओल्या अंगाला राख चोळीत असतील. पावसाळी लावणीला फोडी करत नाहीत, ओल्या जमिनीत त्या कुजतात. ही सवलत फक्त दिवाळीच्या कोरड्या थंडीची. एखादे पोर बटाटा भाजून मागेल आणि एखादी म्हातारी त्याला म्हणेल, यातला नाही, त्या टोपलीतला घे. ती दुसरी टोपली त्या पोरासाठीच ठेवलेली असेल.